आभाळातून आलेलं खापर

२९ मार्च

सकाळची एसटी धरून अमळनेरहून निघाले आणि जेवायच्या वेळेला प्रेमराजच्या दारात उतरले. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला पोराने घर बांधलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ये ये म्हणत होता. माझा पाय निघत नव्हता, कारण अमळनेरात भांडायला शेजारणी चांगल्या आहेत. आता सुनेने कामाला बोलावलं म्हणून आले. नुसतं राहायला बोलावलं असतं तर आले नसते.

सून म्हणजे ज्योती. हिने गावातल्या पाच बायका जमवून मांडे करून द्यायचं काढलंय. पुरणाचे, खापरावरचे. बायका सगळ्या पोळपाटावर वाढलेल्या. मांडा हातावर वाढवतात हे त्यांनी मोबाइलात पाहिलं म्हणे. ज्योती फोनवर म्हणाली, आत्याबाई, तुमचा हात आम्हाला शिकवा. चाळीस वर्षांत माझ्या हाताचं नाव कोणी असं घेतलं नव्हतं. पिशवी भरली.

घर चांगलं आहे. मागे पडवी, पडवीत तीन चुली. पुढे कपाशी उपटून मोकळं झालेलं आमचं शेत, त्याच्यापलीकडे डोंगर. वारा खेळतो. ज्योतीला सातवा लागलाय. अकरा वर्षांनी. अकरा वर्षं मी तिला बोलून घेतलं, आता तोंड बंद ठेवायचं ठरवून आलेय. बघू किती दिवस जमतं.

ही वही साखरेच्या डॉक्टरने दिली. गोळी घेतली की लिहायचं. गोळी घेतली. उरलेलं पान कोरं सोडवत नाही, म्हणून हे.

३१ मार्च

दोन दिवस शिकवतेय. सुनंदाबाई म्हणून एक आहे, तिच्या हातावर मांडा गेला की पापडाएवढा होऊन परत येतो. मी म्हटलं, बाई, कोपर वर धर, नवऱ्यावर धरतेस तसं. हसून हसून तिचा मांडा पुरणात पडला.

आज खापर तडकलं. हे तिसरं. खापर म्हणजे मातीची मोठी कढईच, चुलीवर पालथी घालायची, पाठीवर मांडा टाकायचा. पूर्वीचं खापर सासूकडून सुनेकडे जायचं. आताची माती दोन आठवडे टिकत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया एकोणीस तारखेला, साठ घरांनी मांडे सांगून ठेवलेत आणि आमच्याकडे खापर एकच धड. ज्योती काळजीत आहे. मी म्हटलं, पोटातल्याला काळजी नको देऊ, त्याला गूळ दे.

गोळी घेतली.

२ एप्रिल

दिवेलागणीला गलका झाला म्हणून बाहेर आले. आभाळात मावळतीकडून उगवतीकडे आगीचे तुकडे चालले होते, एकामागे एक, लग्नाच्या वरातीसारखे सावकाश. आवाज नाही. मागे लांब शेपट्या. सगळा गाव अंगणात. मागून एकदा ढम्म झालं आणि पत्रे थरथरले.

कोणी म्हणे तारा तुटला, कोणी म्हणे लढाई. प्रेमराज शिरपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सामान मांडून देतो, त्याला असल्या गोष्टींचं वेड. त्याने सांगितलं की हे रॉकेटचं उरलेलं धूड. आता जगभर आठवड्याला चार-चार रॉकेटं सुटतात. काही तर शेपटीवर परत येऊन उभी राहतात. इंटरनेटसाठी हजारोंनी यंत्रं वर नेऊन ठेवलीत. जे कामाचं राहिलं नाही ते वरच फिरतं आणि कधीतरी खाली येतं. बहुतेक वाटेतच जळतं.

कुठे पडणार हे आधी कळत नाही का, विचारलं. तर म्हणाला, समुद्रात पडेल इतकंच म्हणतात. म्हणजे वर फेकायची अक्कल आली, उतरवून घ्यायची नाही.

३ एप्रिल

आमच्याच बांधाला पडलंय. गुडघाभर खड्डा आणि त्यात गोळा. हंड्यापेक्षा मोठा, काळा, वरून जाड दोरे गुंडाळल्यासारखा आणि ते दोरे जळून सुटलेले. एका बाजूला तोंडाशी वाकडी नळी. कुठे चेपलेला नाही, कुठे फुटलेला नाही. मी बोटाने वाजवला. असा नाद कुठल्या भांड्याचा ऐकला नव्हता.

प्रेमराज ओरडला, "माय, हात लावू नको त्याले!" तलाठ्याला कळवायचं म्हणाला. मी म्हटलं, तलाठी येईल, पंचनामा करील, नेऊन कचेरीच्या मागे गंजत टाकील. आपल्या शेतात पडलं ते आपलं. अर्धा कापला तर दोन खापरं होतात. आणि मातीची नाहीत, तडकायची नाहीत.

तो म्हणाला, आत काय होतं कोणाला ठाऊक. मी म्हटलं, एवढ्या आगीतून आलंय, आत काय राहणार आहे?

ज्योती आमच्या दोघांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, आत्याबाई म्हणतात तर बघू या. पोराने फोन परत खिशात घातला. माझ्यासमोर तो अजून गप्पच बसतो.

५ एप्रिल

रिक्षात घालून शिरपूरला गनीभाऊकडे नेला. गनीभाऊ पूर्वी अमळनेरात गल्लीगल्लीत कल्हईला यायचा, तेव्हाची ओळख. आता वेल्डिंगचं दुकान आहे. मला बघून म्हणाला, अक्का, अजून आहेस का? मी म्हटलं, तुझी कल्हई टिकत नव्हती, मी टिकले.

गोळा वाजवून म्हणाला, हे लोखंड नाही, पितळही नाही. इतकं हलकं आणि इतकं कडक त्याच्या हातात कधी आलं नव्हतं. कापायला दीड तास लागला. ठिणग्या पांढऱ्याशुभ्र, बघवत नव्हत्या. पातं आत शिरलं तेव्हा फुस्स झालं आणि वास आला. कल्हईच्या नवसागराचा येतो तसा, पण त्यात सडलेली मासळी. तळाशी पेलाभर पाण्यासारखं होतं, ते गनीभाऊने हाताने पुसून काढलं. त्याला खोकला लागला. थांबेना. बायको जमीला गूळ-पाणी घेऊन आली. मी लांब बसले होते तरी डोळे चुरचुरले.

कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. एक अर्धं वाकडं गेलं ते त्याच्याकडेच राहिलं. एक मी आणलं. वाळूने घासलं, राखेने घासलं, चिंचेने घासलं.

७ एप्रिल

असं खापर माझ्या जन्मात पाहिलं नाही. लवकर तापतं, सगळीकडे सारखं तापतं, चिकटत नाही. पहिलाच मांडा जसा टाकला तसा उतरला, रुमालासारखा. त्यावर बारीक जाळी उठली, वरच्या दोऱ्यांची नक्षी धातूवर उमटलेली होती ती. बायकांना फार आवडलं.

नव्या खापरावरचा पहिला मांडा गाईला घालायचा असतो. मी घातला नाही. इतका सुरेख उतरलेला गाईला कशाला? ज्योतीला दिला. म्हटलं, पोटुशीचा मान. तिने उभ्या उभ्या खाल्ला. तेव्हापासून रोजचा पहिला तिचाच.

१२ एप्रिल

कामाला उसंत नाही. शिरपुरातून माणसं येतात, जाळीचे मांडे द्या म्हणतात.

दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते. पडवीत मांड्यांचा चुरा पडतो, त्याला मुंगी लागत नाही. पुरणाला मुंगी लागते, शेजारच्या चुलीजवळ रांग असते. खापराखाली नाही. चिमण्याही येत नाहीत.

दुसरं, चूल विझून दोन तास झाले तरी हे कोमट राहतं. ज्योती म्हणाली, "आत्याबाई, हाई खापर थंडंच व्हत नही." मी म्हटलं, चांगलंच आहे, लाकडं वाचतील.

तापलं की तो वास येतो. थोडासा. बायका म्हणतात सवय होईल. जाळ घालायला ज्योतीच बसते, बैठं काम म्हणून. तिचं डोकं दुखतं. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलंय. मांडा हातावरून टाकते, वाफ लागते. असेल.

गोळी घेतली.

१५ एप्रिल

जमीला आली होती. एवढ्या उन्हात, एकटी. गनीभाऊ आठ दिवसांपासून उलट्या करतोय. डोळे पिवळे. हात असे थरथरतात की चहाची बशी धरवत नाही. डॉक्टर विचारतो, काय पोटात गेलं? तिने मला विचारलं, "अक्का, उस गोले में क्या था?"

मला काय माहीत. तेच सांगितलं. तिने खापराकडे पाहिलं. चुलीवर मांडा होता. तशीच उठून गेली. पाणीही घेतलं नाही.

१७ एप्रिल

तहसीलचा माणूस आला, बरोबर पोलीस. त्या रॉकेटचं चोपड्याच्या बाजूला एक कडं सापडलं, दुसरीकडे पत्रा. आणखी कोणाला काही सापडलं असेल तर हात लावू नका, आत विषारी इंधन राहिलेलं असू शकतं, वासानेही माणूस जातो, असं त्याने कागदावरून वाचून दाखवलं. दारोदार विचारत होता.

आमच्या दारात विचारलं, आजी, तुम्हाला काही सापडलं का?

परवा आखाजी. साठ घरं. पितरांच्या पानावर वाढायचं लोकांनी आमच्या भरवशावर सोडलेलं. ज्योतीची पहिली मोठी ऑर्डर. आणि गनीभाऊ तिकडे पडलेला, ते माझ्यावर येईल.

मी म्हटलं, नाही बाबा.

प्रेमराज कॉलेजात होता. ज्योती आत होती, तिने ऐकलं. खापर गोणपाटाखाली होतं. गोणपाट कोमट होतं.

१९ एप्रिल

आखाजी. पहाटेपासून दुपारपर्यंत तीनशे मांडे. जाळाला मी बसते म्हटलं तर ज्योती ऐकेना. मीही जास्त म्हटलं नाही.

सगळ्या गावाने खाल्ले. माहेरी आलेल्या पोरींनी खाल्ले, म्हाताऱ्यांनी आमरसात बुडवून खाल्ले. पितरांना वाढले. आमच्या पितरांच्या पानाला बाहेर कावळा आला नाही. लोक म्हणाले, ऊन फार आहे.

संध्याकाळी ज्योतीच्या हातातून तांब्या पडला. उचलला, परत पडला.

२० एप्रिल

गनीभाऊ गेला. सकाळी.

मी प्रेमराजला सगळं सांगितलं. तहसीलच्या माणसाला नाही म्हटलं तेसुद्धा. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. फोन काढून बाहेर गेला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल

पाच जण आले. तोंडाला नळ्यांचे मुखवटे, कोपरापर्यंत हातमोजे. खापर चिमट्याने उचलून निळ्या पिंपात घातलं. ज्या चुलीवर होतं तिची माती खरवडून नेली. राख नेली. पिठाचा डबा नेला. आणि आम्ही तिथेच उभ्या, साध्या लुगड्यात, उघड्या तोंडाने. आम्हाला लांब व्हा म्हणाले.

किती वेळा वापरलं, विचारलं. मी म्हटलं, दोन-चारदा.

का म्हटलं असं? तोंडातून गेलं. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

साहेबाला विचारलं, आत काय होतं? तो म्हणाला, ज्या देशाने सोडलं तोच सांगू शकेल. कोणी सोडलं? ते अजून नक्की नाही. पत्र गेलंय. उत्तर कधी येईल? साहेब आभाळाकडे बघून म्हणाला, आजी, ते आमच्या हातात नाही.

२२ एप्रिल

सकाळपासून लोक दारात येतात. भांडायला येतील असं वाटलं होतं. भांडत नाहीत. माझ्यासमोर हात पुढे करून उभे राहतात, पंजे पसरून. "सुगंधाबाई, देख बरं, हालस का?" मी बघते. म्हणते, नाही हालत. पुढचा येतो.

सुनंदाबाईने दोन लेकी आणल्या होत्या. धाकटीचा हात मी धरला. थरथर होती. तिचा हात होता की माझा, कळेना. मी म्हटलं, नाही हालत.

आरोग्यवाले रक्त घेऊन गेले. कशासाठी तपासायचं तेच त्यांना ठाऊक नाही. कशावर कशाचं औषध द्यायचं?

पुरळ आता जाळीसारखं दिसतं. माझ्या हातावर. वाफेचं असेल.

२३ एप्रिल

ज्योतीला आंघोळ घातली. तिच्या पोटावर आहे. जाळी. बारीक, सारखी, बेंबीपासून चहूकडे. तिच्या पोटाला तर वाफ लागली नव्हती. खापर शिवलं नव्हतं. मी टॉवेल घातला, तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं. म्हणाली, परवापासून आहे, आत्याबाई.

खापर गेलं. पिंपात बंद होऊन गेलं. पडवी धुतली. तरी वास येतो. घरभर हुंगत फिरले.

वास ज्योतीच्या अंगाला येतो. तिच्या श्वासाला. केसांना.

पोट हाताला गरम लागतं. अंगात ताप नाही.

२४ एप्रिल

दुपारी ज्योतीला झटका आला. दातखिळी. धुळ्याला आणलं, मोठ्या दवाखान्यात. अँब्युलन्समध्ये मी तिच्या डोक्याशी होते. सारखी एकच गोष्ट विचारत होती, हलतंय का, आत्याबाई, हलतंय का?

हलत होतं. फार हलत होतं. थांबतच नव्हतं. मी नुसतं हो म्हटलं.

२५ एप्रिल

मोठ्या डॉक्टरीणबाईला गाठून खरं सांगितलं. दोन-चारदा नाही, तेरा दिवस. रोजचा पहिला मांडा तिलाच दिला. जाळाशी तीच बसली. तहसीलच्या माणसाला नाही म्हटलं, त्यानंतरही तीनशे केले. मला वाटलं हे सांगितलं की त्या काहीतरी बदलतील. औषध, सुई, काहीतरी. वाटलं मला झापतील.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, आजी, दोन दिवस काय नि तेरा काय, काय होतं ते कळल्याशिवाय आम्ही फक्त सलाइन लावू शकतो.

उत्तर आलं नाही. प्रेमराज मोबाइलात बघतो. एक देश म्हणतो, आमचं नव्हे. दुसरा अजून बोलला नाही. त्याच बातमीखाली काल नवीन रॉकेट सुटल्याचं चित्र. लोक टाळ्या वाजवत होते.

२६ एप्रिल

ज्योती ओळखत नाही. मला जमीला म्हणाली.

गावाहून फोन. सुनंदाबाईची धाकटी — तिला पण इकडेच आणतायत. आणखी तीन घरं. मी हालत नाही म्हटलं होतं.

गोळी — घेतली का आठवत नाही. अक्षर असं का येतंय. हात धरून लिहितेय.

२७ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल काढावं लागेल. आठवा आहे, लहान आहे. राहू दिलं तर दोघं — काढलं तर सांगता येत नाही. सही प्रेमराजने केली. पेन त्याच्याही हातात नीट — मी बघितलं. पहिल्या दिवशी त्यानेही खाल्ले होते. मीच वाढले होते. चार.

तो म्हणाला, "माय, मी तुले सांगेल व्हतं." एवढंच. रागाने नाही. राग असता तर —

पोटावर हात ठेवू का विचारलं. नर्स नको म्हणाली. तिने स्वतः दोन हातमोजे घातले होते, एकावर एक.

२८ एप्रिल

आत नेलं नऊला. मी बाहेर बाकावर. प्रेमराज खाली बसलाय भिंतीला टेकून, डोळे मिटून. ते पांढरे आहेत की पिवळे, बघायचं धाडस नाही.

साडेनऊ. एक नर्स धावत बाहेर आली, दोघींना घेऊन आत गेली. खिडकी उघडली आतून. ही खिडकी इथे कोणी उघडत नाही म्हणे. वास —

मी विचारलं, बाई, मूल? ती म्हणाली, जिवंत आहे. आई? त्यावर ती —

रडलं नाही अजून. बाजूच्या खोलीत सकाळपासून तीन रडली. भिंतीपलीकडून ऐकू आलं. इथून नाही.

रडलं की लिहीन. तेवढ्यासाठी वही उघडी ठेवलीय. रडलं की वेळ लिहीन.

दहा.

दहा दहा. दारावरचा दिवा गेला. लागला. कोणी बाहेर येत नाही. आत कोणी बोलतही नाही. एवढी माणसं आत आणि —

प्रेमराजला हाक मारली. उठ म्हटलं, जाऊन विचार. दोनदा मारली.

साडेदहा. अजून नाही. कान लावून आहे. रडलं की लगेच

अजून ना—